सारजाबाईची झटकणी

बसा, बसा. पण टेकायच्या आधी ते घोंगडं एकदा झटकून घ्या. माझ्या देखतच झटका, मला त्याचा राग नाही. आमच्या कातळवाडीत ही गोष्ट अशीच सुरू होते. का, ते ऐकता ऐकता कळेल.

फार वर्षांपूर्वी, तालुक्याला जायला धड गाडीवाटही नव्हती तेव्हा, कातळवाडीत सारजा आणि हौसा अशा दोघी मैत्रिणी होत्या. दोघी एकाच साली लग्न होऊन गावात आल्या. दोघींच्या घरांमध्ये एकच दगडी भिंत होती, आणि त्या भिंतीतला चुलीजवळचा एक दगड निखळून आरपार भोक पडलेलं होतं. ते बुजवायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्यातून इकडचा विस्तव तिकडं जायचा, तिकडचं चिमूटभर मीठ इकडं यायचं, आणि दोघी भाकरी थापता थापता आपापल्या सासवांची गाऱ्हाणी एकमेकींना सांगायच्या. सासवा ऐकत असतील तर असोत बिचाऱ्या.

हौसाचं घर लेकरांनी लवकर भरलं. सारजाला मात्र मूल होईना. नवस झाले, उपास झाले, लोकांची बोलणी खाऊन झाली, आणि मग कुठं आवडी झाली. फार देखणी पोर होती असं म्हणतात. खरं-खोटं देव जाणे, गेलेलं लेकरू सगळ्यांच्या आठवणीत देखणंच असतं. एवढं मात्र खरं, की हौसानं आपलं निळं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून तिला दुपटं शिवलं होतं, आणि त्याच्या कडेनं लाल दोऱ्याचा टाका घातला होता.

आता या गावाची एक रीत सांगितली पाहिजे. लग्नकार्य निघालं की वऱ्हाडासाठी अख्ख्या गावातून गोधड्या गोळा व्हायच्या, आणि कार्य उरकलं की ज्याची गोधडी त्याला घरपोच जायची. परत आलेली गोधडी आणणारीच्या देखत झटकायची नाही. झटकली, तर तुझं घर घाणेरडं आहे असं तिला तोंडावर सांगितल्यासारखं व्हायचं. घडी तशीच उचलून ठेवायची, हसायचं, गूळपाणी द्यायचं. एका झटक्यापायी दोन घरांचं बोलणं बंद झाल्याच्या गोष्टी आयाबाया लेकींना सांगायच्या. भीड भिकेची बहीण म्हणतात. कातळवाडीत ती त्याहून वाईट निघाली.

वैशाखात हौसाच्या दिराचं लग्न झालं. वऱ्हाड गेलं, मांडव उतरला, आणि परत करायच्या गोधड्या परसात गोवऱ्यांच्या हुडव्याला टेकून रचून ठेवल्या. हुडवा म्हणजे गोवऱ्या रचून वरून शेणानं लिंपलेला ढीग. तो भिंतीला लागूनच असायचा, सगळ्यांचाच असायचा. वैशाखात आमचा कातळ असा तापतो की कोंबडीसुद्धा पाय आपटत चालते. अशा दिवसांत किडामुंगी गारवा शोधत घराकडंच येणार, आणि हुडवा बाहेरून तापला तरी आतून गार असतो. पण लग्नघरात एवढा विचार करायला कुणाला सवड असते?

हौसा सारजाची गोधडी घेऊन गेली ती ऐन दुपारी. आवडी सारजाच्या खांद्यावर पेंगत होती. सारजानं गोधडी घेतली, एका हातानं उलगडायला धरली, आणि झटकण्यासाठी तिचं टोक चिमटीत पकडलं. तेवढ्यात तिची नजर हौसावर गेली. चिमूट सुटली, हात मागं आला. सारजा हसली आणि गोधडी तशीच दुहेरी घडीत खाली अंथरून तिनं आवडीला त्यावर ठेवलं.

हौसानं तो हात पुढं जाताना पाहिला होता, मागं येतानाही पाहिला होता. आणि तिला बरं वाटलं होतं. एवढी जिवाभावाची, तरी माझा मान राखते, असं तिच्या मनात आलं होतं. पुढं आयुष्यभर तिला जे खात राहिलं ते हेच.

ती गूळपाणी पीत होती तोच आवडी किंचाळली. दोघी धावल्या. सारजानं तिला छातीशी धरलं, अंग चाचपलं. पोटरीवर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होता. ना सूज, ना गांधी.

"मुंगी असंल गं," हौसा म्हणाली. "लाल मुंग्या लई झाल्यात ह्या साली. चुना लाव."

चुना लावला. पोर रडून रडून दमली आणि गप्प झाली, तेव्हा दोघींना हायसं वाटलं. मग तिला घाम सुटला. हौसा म्हणाली, उकाडा आहे, वारा घाल. सारजा पदरानं वारा घालत राहिली. पोरीच्या तोंडातून लाळ गळू लागली, प्यालेलं दूध बाहेर पडलं, आणि एवढ्या उन्हात तिचे तळपाय गार पडले. दिवेलागणीला आवडी गेली. गोधडी उचलली तेव्हा तिच्या घडीतून तांबडा, बोटाच्या पेराएवढा विंचू खाली पडला आणि भिंतीकडं पळाला.

सारजा हौसाला एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या, झिंज्या उपटल्या असत्या, तरी हौसाला ते सोसलं असतं. पण सारजा बोललीच नाही. सुतक फिटल्यावर तिनं शेणमाती कालवली आणि घरातली एकेक भेग लिंपून काढली. भिंतीतलं ते भोकही तिनं दगड घालून बुजवलं. ते विंचवासाठी बुजवलं की हौसासाठी, हे कुणी विचारलं नाही. पलीकडं चुलीपुढं बसलेल्या हौसानं शेवटचा दगड आत सरकताना ऐकला.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सारजा तर अख्ख्या गावाचं ताक फुंकायला निघाली. पुढच्या उन्हाळ्यात हातात काठी घेऊन ती दारोदार फिरू लागली. दारात उभी राहायची आणि म्हणायची, "गोधड्या भाईर काडा." लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. एकीनं तोंडावर विचारलं, "आमची घरं काय उकिरडं हायती व्हय गं?" सारजा पुढं झाली. तिच्या देखतच तिची गोधडी उचलली आणि झटकली. त्यातून एक गोम पडली आणि त्या बाईच्याच पायांवरून वळवळत गेली. त्यानंतर त्या आळीत कुणी काही बोललं नाही.

हळूहळू लोक तिचं ऐकू लागले. हुडवा भिंतीपासून लांब, सरपण जमिनीवर नको, चार दगडांवर. बाजेचे पाय पाण्याच्या वाट्यांत. बाज उन्हात टाकून तिच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता, ढेकणाची अंडी तिथंच असतात. रांजण झाका, आठवड्याला कोरडा करून घासा, म्हणजे डास वाढणार नाहीत. गोधड्यांत वाळलेला लिंबाचा पाला घाला, पण पाल्याच्या भरवशावर झोपू नका, झटका. वहाणा, टोपी, पागोटं, काहीही अंगावर चढवायच्या आधी झटका. कोंबड्या पाळा, त्या तुमच्यापेक्षा हुशार आहेत. हे ती सगळ्यांना सांगायची, कारभाऱ्याला आणि गुराख्याला एकाच आवाजात.

असं म्हणतात, की चावलेली जागा नुसती पाहून ती चावणाऱ्याचं नाव सांगायची. सकाळी उठल्यावर पाठीवर ओळीनं गांधी दिसल्या तर ढेकूण. घोट्याभोवती बारीक पुरळ, तर पिसवा, घरातल्या कुत्र्याला आधी धुवा. दुसऱ्या दिवशी पांढरा फोड आला तर लाल मुंगी. काटा आत राहिला तर मधमाशी, तो नखानं खरवडून काढा, चिमटीत दाबू नका. शेजारी शेजारी दोन भोकं, तर गोम. आणि दुखतंय फार, पण दिसत काहीच नाही, असं झालं की सारजाबाईचा चेहरा पडायचा.

लोक चावलेली पोरं घेऊन तिच्याकडं पळत येऊ लागले. ती म्हणायची, "मला उतरवता येत न्हाई. मला नुसतं वळखता येतं. चावल्यावर येऊ नका माझ्याकडं, चावायच्या आदी या." आता लोकांना उतारा हवा असतो, अंगारा हवा असतो. झटकायला सांगणाऱ्या बाईला कोण पुजणार? पण त्या उन्हाळ्यापासून कातळवाडीत विंचवानं एकही लेकरू गेलं नाही, हे लोकांच्या ध्यानात आलं, आणि मग तिच्याभोवती गोष्टी उगवू लागल्या. असं म्हणतात, की तिच्या काठीचा आवाज ऐकला की भिंतींतले विंचू मुकाट बाहेर यायचे आणि ओळीनं डोंगराकडं चालू लागायचे. असं म्हणतात, की ती बिनअंथरुणाची, नुसत्या भुईवर झोपायची आणि मुंग्या तिला वळसा घालून जायच्या. ती भुईवर का झोपायची, ते हौसाला ठाऊक होतं. त्या दुपारनंतर सारजानं गोधडी अंगाला लावली नव्हती.

अशी ती सगळ्या गावात फिरायची. एक घर सोडून.

दर उन्हाळ्याला काठीचा आवाज आळीतून यायचा, हौसाच्या दाराशी यायचा आणि न थांबता पुढं जायचा. हौसा त्या दिवशी पहाटेच उठून घर सारवायची, सगळ्या गोधड्या बाहेर काढून दगडी गडग्यावर पसरायची आणि दारात उभी राहायची. सारजा समोर बघत निघून जायची. मग हौसा मागच्या परसात जाऊन कान देऊन ऐकायची, पुढच्या घरात सारजा काय सांगते ते, आणि तसंच्या तसं आपल्या घरी करायची. सारजाचा नवरा गेला, हौसाचा नवरा गेला, दोघींचे केस पिकले. सगळं गाव सारजाबाईचं होतं, आणि भिंतीला भिंत असलेली हौसा तेवढी तिची नव्हती. एकदा तिनं दाराशी थांबावं, एवढंच हौसाला हवं होतं. आत नाही आली तरी चालेल.

मग एका उन्हाळ्यात हौसाची धाकटी लेक मंजुळा बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. मंजुळाची सासू बाळंतविडा घेऊन आली. त्या गाठोड्यात नातवासाठी तिनं स्वतः शिवलेली नवी गोधडी होती. वाटेत ऊन फार, म्हणून ती बांधावरच्या झाडाखाली दगडांवर गाठोडं टेकून घटकाभर बसली होती. हे तिनंच मागून सांगितलं.

विहीणबाई सोप्यात बसल्या. बाळ खाली पाटीत निजलेलं. त्यांनी गोधडीची घडी हौसाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घाला की बाळाच्या अंगाखाली. रात रात जागून शिवलीया."

हौसानं गोधडी घेतली. टोक चिमटीत पकडलं. आणि मग तिनं विहीणबाईंकडं पाहिलं. लेकीला त्याच घरी परत नांदायला जायचं होतं. विहिणीनं मनात धरलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. तुम्ही म्हणाल, एवढं सगळं झाल्यावर ही बाई अशी कशी? अहो, भीड अशीच असते. जे सगळं जाणतात, त्यांचाही हात ती मागं ओढते. हौसाची चिमूट सुटली.

नेमकी तेव्हाच आळीतून सारजाबाई चालली होती. समोर बघत, दर सालासारखी. पण त्या दिवशी तिनं मान वळवली. का वळवली, कुणाला ठाऊक? बाळ रडलं म्हणून, असं कुणी म्हणतं. आवडीनं तिचा पदर ओढला, असंही म्हणतात. उघड्या दारातून तिला हौसाचा मागं आलेला हात दिसला. तसा हात तिनं आयुष्यात एकदाच पाहिला होता, आणि तो तिचा स्वतःचा होता.

काठीचा आवाज थांबला. सारजाबाई पायऱ्या चढून आत आली. इतक्या वर्षांनी तिचं पाऊल त्या उंबऱ्याच्या आत पडलं. सारजानं तिच्या हातातून गोधडी घेतली.

विहीणबाई ताठ झाल्या. "आमच्या गोधडीत काय किडं पडल्यात?"

"राग आला तर येऊ द्या, बाई," सारजा म्हणाली. "राग उतरतो. इख उतरत न्हाई."

तिनं गोधडीची घडी सोडली आणि झटका दिला. पण हात आता म्हातारे झाले होते, पूर्वीचा झटका त्यांत राहिला नव्हता. घडीतला विंचू बाहेर फेकला गेला नाही, कापडावरून घरंगळत तिच्या अंगठ्याशी आला आणि नांगी मारून पुन्हा घडीत शिरला. तिच्या पायांशी बाळाची पाटी होती. तिनं गोधडी सोडली नाही. विंचवासकट तिचा बोळा केला, छातीशी धरला, पायऱ्या उतरून अंगणात गेली, दगडावर टाकली आणि काठीनं ठेचली. मग ती तिथंच खाली बसली.

अख्खी आळी गोळा झाली. कुणी मांत्रिकाकडं पळायला निघालं, कुणी चुना आणला. सारजाबाईनं सगळ्यांना जवळ बोलावलं आणि हात पुढं केला.

"बघून ठिवा," ती म्हणाली. "आग आग हुतीया, पर दिसतंय का काय? न्हाई. आता मला घाम सुटंल. मग तोंडाला पानी सुटंल. मग हातपाय गार पडत्याल. असं झालं की मुंगी असंल म्हनू नका. वारा घालत बसू नका. उचला आन वाटंला लागा."

तिनं हे कुणाकडंही न बघता सांगितलं. पण हौसाला आपलेच शब्द ऐकू आले. इतकी वर्षं त्या बाईनं ते जपून ठेवले होते आणि एकदाही बाहेर काढले नव्हते.

तिला बाजेवर घातलं आणि गडी माणसं तालुक्याच्या दवाखान्याकडं निघाली. हौसा बाजेला धरून पळत होती. सारजाचा हात तिच्या हातात होता, घामानं भिजलेला, आणि वाटेतच तो गार पडत गेला. ओढ्यापाशी सारजानं डोळे उघडले.

"त्या दिशी बी असंच," ती म्हणाली, "तुज्या देखत झटकायला पायजे हुतं गं."

हौसाच्या छातीत इतकी वर्षं अडकलेलं तेव्हा बाहेर आलं. "सारजे, माज्यावरचा राग गेला का गं?"

सारजानं तिच्याकडं पाहिलं. ओठ हलले. पण तोंड लाळेनं भरलं होतं, जीभ जड झाली होती, शब्द झाला नाही. हौसानं पुन्हा विचारलं. ओढा ओलांडून वर चढेपर्यंत ती विचारत राहिली, आणि गड्यांनी बाज खाली ठेवली तरी विचारत राहिली. मग कुणीतरी तिला धरून बाजूला नेलं.

असं म्हणतात, की ती बाज ज्या वाटेनं गेली त्या वाटेवर पुढं कधी कुणाला विंचू चावला नाही. असं म्हणतात, की तिला भुईवर ठेवलं तेव्हा मुंग्यांची चाललेली रांग जागीच थांबली. ते असो. पण तिच्या ओच्याला एक लहानशी घडी खोवलेली निघाली, हे पाहिलेली माणसं माझ्या आजीनं पाहिली होती. निळ्या लुगड्याचं दुपटं, कडेला लाल टाका. हौसानं तो टाका ओळखला.

विहीणबाई सुतकात कातळवाडीतच राहिल्या. जायच्या दिवशी त्यांनी हौसाच्या घरची गोधडी उचलली, तिच्या देखत झटकली आणि विचारलं, "राग न्हाई ना?" हौसा म्हणाली, "राग न्हाई." तिथून ते सुरू झालं.

आजही कातळवाडीत कुणाकडं पाहुणा गेला तर अंथरूण आधी झटकतो आणि विचारतो, "राग नाही ना?" घरधनी म्हणतो, "राग नाही." नवी सून उंबरा ओलांडून आली की सासूच्या समोर सासूचीच गोधडी झटकते, आणि सासूला राग आला असला तरी तिला तेच म्हणावं लागतं. आता गावात जीपगाड्या आहेत. दुखतंय आणि दिसत नाही असं कुणी म्हणालं, की चुना शोधत कुणी बसत नाही, थेट दवाखान्यात नेतात. आमची पोरं वाचतात.

आणि आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर पितरांच्या नावानं पाण्याचा घडा दिला की सगळं गाव गोधड्या घेऊन चावडीपुढं येतं. प्रत्येकानं आपली नाही, शेजाऱ्याची गोधडी झटकायची, त्याच्या देखत. तिला सारजाबाईची झटकणी म्हणतात. धूळ उडते, पोरं शिंकतात, हसणं-खिदळणं चालतं, सगळीकडून तेच ऐकू येतं, राग नाही ना, राग नाही.

सगळ्यांची झटकून झाली की हौसाच्या घरातली थोरली बाई पुढं येते. तिच्या हातात ते निळं दुपटं असतं. कापड विरलंय, लाल टाका तेवढा शाबूत आहे. हौसा जिवंत होती तोवर ते तीच झटकायची. आता तिच्या नातसुना झटकतात, अगदी हळू, फाटेल म्हणून. मग ती बाई मोठ्यानं विचारते, "राग नाही ना?"

चावडीपुढं सगळे गप्प उभे राहतात. त्याचं उत्तर गावातल्या कुणी द्यायचं नसतं. थोडा वेळ वाट पाहायची, एवढीच रीत आहे. मग ती बाई दुपट्याची घडी घालते, त्यात लिंबाचा पाला ठेवते आणि म्हणते, "पुढच्या साली पुन्हा विचारू."